नत्थुजींच्या कुबड्या

भागीरथा साठीला आली, पण तिचे गुडघे तिच्या कितीतरी आधी म्हातारे झाले होते. विहिरीवरून घागर आणताना ती चार ठिकाणी टेकायची, आणि चुलीपासून माठापर्यंत बसल्या बसल्या सरकत जायची. तिचे यजमान नत्थुजी मात्र पासष्टीतही ठणठणीत. सकाळी पारावर जायचे, जेवायला घरी यायचे, पुन्हा पारावर. एवढी मेहनत त्यांच्या अंगाला चांगलीच मानवली होती.

बासष्ट साली अकोल्याच्या कुण्या धर्मादाय मंडळीला म्हाताऱ्यांचं अपंगत्व मोजायची हुक्की आली. त्यांचा साहेब फॉर्म घेऊन अकोटजवळच्या या गावातही आला. वीस प्रश्न, जे काम माणूस स्वतः करत नाही, त्याचा एक गुण. बारा गुण भरले की कुबड्यांची जोडी फुकट. भागीरथाला त्या कुबड्या हव्या होत्या. जन्मात दुसरं काही तिने इतक्या मनापासून मागितलं नव्हतं.

साहेबाने आधी नत्थुजींना घेतलं. पाणी भरता का? आंघोळीचं पाणी काढून घेता का? कपडे धुता का? ताट वाढून घेता का? नत्थुजी खोटं बोलणारे नव्हते. जवळजवळ दर प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, "नाही. बायको हाय ना." सतरा गुण भरले. साहेबाचा जीव कळवळला.

मग तेच प्रश्न भागीरथाला. सारं मीच करते, पण... असं ती म्हणाली, तेव्हा साहेबाने समजावलं की फॉर्मात 'हो' आणि 'नाही' एवढीच घरं आहेत, 'पण'ला घर नाही. तिला मिळालं शून्य. शिकलेल्या माणसाचा हिशेब, चुकेल कसा?

महिन्याने पत्र आलं. अपंगाने प्रवासाची दगदग करू नये, घरातल्या धडधाकट माणसाने अकोल्याला येऊन कुबड्या न्याव्यात. नत्थुजींनी ते पारावर दोनदा वाचून घेतलं आणि बायकोला एसटीची वेळ सांगितली.

अकोल्याच्या बाबूने तिचा अंगठा घेतला, कुबड्या दिल्या आणि यजमानांना जपा म्हणून बजावलं. भागीरथाने दारातच दोन्ही कुबड्या काखेत घेतल्या अन् चार पावलं टाकली. किती वर्षांनी गुडघे ओरडले नाहीत. तिला रडूच आलं. बाबू मागून धावला. आजी, त्या तुमच्या नाहीत, यजमानांना चालायला आहेत, म्हणाला.

भागीरथा थांबली नाही.

"त्याईच्या आंगोयीचं पानी माह्याकडं, त्याईचं ताट माह्याकडं," ती म्हणाली. "आता त्याईचं चालनं बी माह्याकडंच आलं."