कोशात नसलेला मासा

पेणहून लग्न होऊन मी रोह्याला आले ती नव्वद सालानंतरची गोष्ट. सासरी रविवारी जेवणं आटोपली की टीव्हीवरचा मराठी सिनेमा सुरू होईपर्यंत शब्दांचा खेळ चाले. आमच्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर अक्षरं काढली होती. काना, मात्रा, वेलांटी मनानेच लावायची आणि हातातल्या अक्षरांचा शब्द मांडायचा. तो चालणार की नाही हे मामंजींच्या मांडीवरचा जाडजूड कोश सांगे.

मामंजी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पत्ता अपुरा असला की पत्र परत, ही सवय नोकरीबरोबर सुटली नव्हती. माझे शब्द ते तसेच परत पाठवत. नवरा अशा वेळी पेपरात तोंड खुपसून बसे.

एका रविवारी माझ्या हाती ज, त, ड आले. मी थाटात 'जिताडा' मांडला. मामंजींनी पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली.

"बाद."

"मामंजी, मासा आहे तो."

"असेल. कोशात नाही."

माझे वडील आमच्या खाडीकाठच्या शेतातल्या तळ्यातला जिताडा घेऊन अधूनमधून येत, आणि त्याचं डोकं दर वेळी मागून घेणारे हेच गृहस्थ. मला भयंकर राग आला. नुसत्या शब्दाचा नव्हे. सासरी आल्यापासून माझं बोलणं, माझं तिखट, माझं मोठ्याने हसणं, सगळ्यालाच कुणाची तरी मंजुरी लागत होती. निदान माझ्या घरचा मासा तरी बिनतक्रार या घरात यावा, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या रविवारी वडील वडखळला गाडी बदलून आले. पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा. कालवण मी केलं आणि वाढायलाही मीच घेतलं. सगळ्यांच्या ताटात कालवण, मामंजींच्या ताटात वरणभात आणि बटाट्याची भाजी.

"हे काय?"

"त्याचं नाव कोशात नाही, मामंजी. नसलेली वस्तू वाढू कशी?"

वडिलांचा घास हातातच राहिला. "असा काय करतेस गो," ते कुजबुजले, "व्याही हायेत ते." नवऱ्याने त्या दिवशी पेपर नाही म्हणून ताटात डोकं घातलं. सासूबाई मात्र शांतपणे जेवत होत्या. "तिचा बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मीठपन बरोबर हाय."

मामंजी उठले. आता वडिलांबरोबरच पेणची एसटी धरायची, असं मी मनाशी धरून चालले होते. मामंजी आत जाऊन कोश घेऊन आले. शाईचं पेन उघडलं आणि समासात सावकाश काहीतरी लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग वाचून दाखवलं.

"जिताडा. पुल्लिंगी. खाडीतला एक उत्तम मासा. सूनबाईंच्या माहेरचा."

कोश मिटून त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"डोकं राहिलंय का?"

राहिलं होतं. मी ते आधीच त्यांच्यासाठी वेगळं काढून झाकून ठेवलं होतं.