धर्मशाळेत तबला लावताना

आळंदीला नदीकाठची जुनी दगडी धर्मशाळा डागडुजी करून गाण्याच्या कार्यक्रमांना खुली झाली, आणि तिथं तबल्याच्या साथीला आमच्या ह्यांना बोलावणं आलं. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं प्रेस मशीनवर काढलेला माणूस. तबला हौसेचा, चिखलीतल्या भजनापुरता. आठवडाभर हे हवेतच होते.

मी मात्र धास्तावले. प्रेसच्या दणक्यांनी ह्यांचे कान अधू झालेत, हे फक्त मला ठाऊक होतं. बोललेलं कळायचं, पण सुरातला बारीक फरक कळायचा नाही. घरी तबला लावताना मी भाजी निवडत समोर बसायची. सूर उतरलेला असला की बोट वर, चढला की खाली. त्याबद्दल आम्ही एकदाही बोललो नव्हतो. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घ्या म्हटलं, तर दोन दिवस अबोला. पुरुषांची अब्रू कशात अडकलेली असेल, सांगता येत नाही.

धर्मशाळा सुरेख केली होती. दगड घासूनपुसून काढलेले, सागवानी खांबांना तेलपाणी. पण टाळी वाजवली की आवाज भिंतींवरून फिरून परत यायचा. मी आधी जाऊन पहिली रांग धरली. तेवढ्यात मोठे पाहुणे आले आणि एका कार्यकर्त्यानं, "वहिनी, जरा मागं बसता का?" म्हणत मला पार शेवटी नेऊन बसवलं. मी भिडस्त, उठले.

तंबोरा सुरू झाला. ह्यांनी हातोडीनं ठोकलं, समोर पाहिलं. तिथं फेटे बांधलेले पाहुणे. पुन्हा ठोकलं. सूर चढलेलाच. गाणाऱ्या बाई थांबून राहिल्या होत्या. मला बघवेना. उठून मधल्या वाटेत उभी राहिले आणि सगळ्यांदेखत बोट खाली केलं. माना वळल्या. आता हे जन्मभर माझ्याशी बोलायचे नाहीत, असं वाटलं.

ह्यांनी हातोडी खाली ठेवली. बाईंना म्हणाले, "ताई, मला बारीक ऐकू येत न्हाई. आमच्यात सूर हीच लावती. वर बोलवू का तिला?" समोरचा माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

बाई हसून सरकल्या. मी चपला काढून वर गेले, ह्यांना लागून बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात मला ह्यांची इतकी माया कधी आली नव्हती. डोळे पुसले आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, "अहो, अजून थोडा उतरवा."