हळदीच्या शेडमधली दोन सीटची गाडी

माझ्या भावाला जी गाडी घ्यायची होती ती आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात, हळदीच्या शेडमध्ये, पाच वर्षांपासून उभी होती. पांढरी, बुटकी, दोन सीटची, छत मागे घडी होणारी परदेशी स्पोर्ट्स कार. मीटरवर सहा हजारांच्या आसपास किलोमीटर. मालक एकवीस लाख सांगत होते. भावाने मोबाईलवर फोटो दाखवले आणि म्हणाला, "भाव बराबर हाय का, येवढंच सांग. घ्यायची का न्हाई ते मी बघतो."

मी हिंगोलीत राहते आणि वाहनांची किंमत ठरवण्याचं काम करते. अपघात झाला की विमा कंपनी बोलावते, जुनी गाडी विकायची असली की लोक स्वतःहून येतात. बहुतेक ट्रॅक्टर, पिकअप आणि जीप. आमचा तांडा सेनगाव तालुक्यातला. तिथून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली मुलगी, पण आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. भाऊ रस्त्यांची कामं घेतो. दोन टिप्पर आणि एक रोलर आहे त्याच्याकडे. त्याने आजवर स्वतःच्या हौसेसाठी काही घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. ही गाडी काहून पाहिजे, असं मी त्याला विचारलं नाही. त्यालाही ते सांगता आलं नसतं.

इतकी कमी चाललेली गाडी म्हटल्यावर मला पहिली शंका येते ती मीटर मागे फिरवल्याची. दुसरी शंका, मीटर खरं असेल तर गाडी चालली का नाही, याची. दोन्हींचा किमतीशी संबंध असतो. मी भावाला सांगितलं की फोटोवरून काही बोलणार नाही, गाडी चालवून बघावी लागेल.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही कळमनुरीवरून गेलो. सोबत चार्ज केलेली बॅटरी, कॅनमध्ये ताजं पेट्रोल आणि माझी अवजारांची पेटी. मालक घरासमोरच उभे होते. साठीचे, सडपातळ, मोजकं बोलणारे शेतकरी. एका वर्षी हळदीला चांगला भाव आला तेव्हा गाडी घेतली, म्हणाले. पुण्याहून, नवी कोरी. "दोघं भाऊ जाऊन आणली. अर्ध्या वाटेपर्यंत त्यानं चालवली, अर्ध्या वाटेपासून मी." यापुढे त्यांनी भावाचा विषय काढला नाही.

तो विषय आम्हाला शेडमध्ये गेल्यावर कळला. पत्र्याची मोठी शेड दोन घरांच्या मधोमध होती. मालकांच्या अंगणातून तिच्यात शिरायला एक लहान दार होतं, माणूस वाकून जाईल एवढंच. गाडी ज्यातून बाहेर निघेल ते मोठं फाटक पलीकडच्या बाजूला होतं आणि त्याला बाहेरून कुलूप होतं. माझ्या भावाने फाटकाची किल्ली मागितली. मालक म्हणाले, किल्ली त्यांच्याकडे नाही. वाटणी झाली तेव्हा गाडी थोरल्याच्या, म्हणजे त्यांच्या, नावावर राहिली आणि शेड धाकट्याच्या वाट्याला गेली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. धाकट्याने किल्ली दिली नव्हती आणि थोरल्याने मागितली नव्हती. गाडी कमी का चालली याचं उत्तर मला अवजारांची पेटी उघडायच्या आधीच मिळालं होतं.

तरी मी माझं काम केलं. ताडपत्री काढली. शेडच्या दुसऱ्या बाजूला धाकट्याच्या हळदीची पोती थप्पी लावून ठेवलेली होती आणि तिची धूळ गाडीच्या प्रत्येक फटीत बसली होती. एसीच्या जाळीत, सीटच्या शिवणीत, काचेच्या रबरात. आतलं चामडं मूळचं फिक्या क्रीम रंगाचं. ते जागोजागी पिवळं पडलं होतं आणि ओल्या कापडाने पुसल्यावर आणखीच पिवळं झालं. मी वीस वर्षं गाड्या बघते, पण हळदीमुळे किंमत उतरलेली गाडी पहिल्यांदाच पाहत होते.

मीटर खरं निघालं. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. चारही टायर गाडीसोबत आलेलेच होते आणि त्यांची नक्षी जवळजवळ पूर्ण होती. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलेलं नव्हतं. चालकाच्या सीटची कड, जी आत-बाहेर करताना सगळ्यात आधी मऊ पडते, ती ताठ होती. पण त्याच टायरांना बाजूने बारीक भेगा पडल्या होत्या, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज होता आणि बॉनेटखाली दोन वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मी चारही बाजूंनी फिरवलं. डाव्या पुढच्या बाजूला आकडा वाढला. तिथे रंग दुसऱ्यांदा मारलेला होता. मी विचारलं तसं मालक लगेच म्हणाले, "पुलाच्या कठड्याला घासली होती. माझ्याच हातून. नांदेडला दुरुस्त केली."

मी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं की इतकी कमी चाललेली गाडी आहे, तर भाव वरचाच पाहिजे ना. हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी त्यांना सांगितलं की थोडी थोडी चालत राहिलेली गाडी आणि बंद उभी राहिलेली गाडी, दोघींचं मीटर सारखंच दिसतं, पण दोघींचा भाव सारखा नसतो. उभ्या गाडीचं रबर वाळतं, तेल बिघडतं, टाकीत गंज येतो. मी पुढे म्हणाले की रस्त्यावर चालवून बघितली आणि ठीक निघाली तर सोळा लाखांपर्यंत जाता येईल. चालवून न बघता बाराच्या वर मी कुणाला घे म्हणणार नाही.

मालकांनी शेडच्या फाटकाकडे बघितलं. "मग बाराच लावा," ते म्हणाले.

भाऊ माझ्याकडे बघू लागला. आम्ही दोघं आमच्या तांड्याच्या बोलीत बोललो, कुणासमोर किमतीचं बोलायचं असलं की बोलतो तसं. तो म्हणाला, बारा म्हणजे फायदाच आहे. मी म्हणाले, फायदा आहे की नाही ते मला माहीत नाही, कारण मी गाडी चालवलेली नाही. आणि बारा दे नाहीतर बावीस दे, गाडी त्या दारातून निघणार नाही. त्यावर भाऊ मराठीत आला आणि मालकांना म्हणाला, तुमच्या अंगणाकडची भिंत पाडू, गाडी काढू, दोन दिवसांत माझी माणसं लावून परत बांधून देतो. तो हे पूर्ण गंभीरपणे बोलत होता. त्याला भिंत पाडायची तकलीफ वाटत नाही. मालकांनीही भिंतीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, भिंत पण त्याचीच आहे.

शेवटी मीच पलीकडे गेले. रस्त्याने वळसा घालून धाकट्यांच्या घरी. ते पन्नाशीचे, थोरल्यांसारखेच नाकीडोळी, अंगाने जरा भरलेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरात चहा टाकायला सांगितलं. मी कोण, कशाला आले, हे सांगितलं आणि फाटक तासाभरासाठी उघडता येईल का, असं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "ताई, तुमी काहून येऊन राहिल्या? आबानं यावं. दोन शब्द बोलावं. मी काही मागून राहिलो का त्यायला?"

चहा घेऊन मी परत आले आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. थोरल्यांनी तो ऐकला. बराच वेळ ते गाडीच्या छतावर बोट फिरवत राहिले आणि बोटाला लागलेली पिवळी धूळ बघत राहिले. मग म्हणाले की फाटकाचं राहू द्या, इंजिन तरी सुरू करून बघा, म्हणजे आतून कशी आहे ते कळेल.

तेवढं करण्यासारखं होतं. भावाने टाकीतलं जुनं पेट्रोल नळीने काढलं, नवं ओतलं. मी कुरतडलेल्या वायरी तात्पुरत्या जोडल्या, बॅटरी बदलली. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा नुसती घरघर झाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज एवढा घुमला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मी गाडी तशीच चालू ठेवली आणि आवाज ऐकत बसले. एका लयीत होता. खडखड नव्हती. थोरले शेजारच्या सीटच्या दाराशी उभे होते आणि त्यांचा चेहरा मला खालून दिसत होता.

फाटकाच्या बाहेरून कुलूप उघडल्याचा आवाज मी इंजिनमुळे ऐकला नाही. उजेड आला तेव्हा कळलं. धाकट्यांनी फाटकाची दोन्ही दारं ढकलून उघडली, गाडीच्या वाटेत पडलेली दोन पोती स्वतः ओढून बाजूला केली आणि माझ्या खिडकीशी आले. थोरले गाडीच्या दुसऱ्या बाजूला होते. मध्ये फक्त गाडी होती.

धाकटे माझ्याकडे बघून बोलले, पण आवाज इंजिनच्या वर जाईल एवढा मोठा ठेवला. "ताई, ही वेगात डावीकडं ओढते. कठड्याला मीच घातली व्हती. घरात कुणी बोलू नये म्हणून आबानं सोताच्या अंगावर घेतलं. नांदेडहून दुरुस्त करून मीच आणली, तवाच ओढते ते समजलं, पण सांगायचं राहिलं. तुमी भाव लावून राहिल्या म्हणून सांगतो. घेणाऱ्याला माहीत पाहिजे."

थोरले म्हणाले, "झालं ते झालं." तेही माझ्याकडेच बघून म्हणाले.

त्या वेळी कोण चालवत होतं, याला किमतीच्या हिशेबात जागा नसते. गाडी डावीकडे ओढते, याला असते. मी दोन्ही ऐकलं आणि दुसरं तेवढं लिहिलं.

गाडी बाहेर काढली. भाऊ शेजारी बसला. गावातल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. नांदेडच्या रस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला. साठपर्यंत सरळ चालत होती, ऐंशीच्या पुढे डावीकडे जायला लागली. हात सैल सोडला की स्पष्ट कळत होतं. टायरचाही थोडा दोष होता, पण सगळा नाही. चाकाला धरणारा एखादा दांडा किंचित वाकलेला असणार. तो बदलता येतो, सुटा भाग मात्र परदेशातून मागवावा लागतो. क्लच चांगला होता. ब्रेक दहा-बारा वेळा दाबल्यावर गंज निघाला आणि नीट लागायला लागले. परत येताना मी भावाला चालवायला दिली. तो टिप्परच्या उंचीवर बसायची सवय असलेला माणूस. गावाजवळ आल्यावर म्हणाला, "सगळ्या गाड्या आपल्यापेक्षा उंच दिसून राहिल्या."

आम्ही पोचलो तेव्हा दोघं भाऊ फाटकाच्या दोन दारांपाशी उभे होते, एक इकडे, एक तिकडे, रस्त्याकडे बघत. बोलत होते की नाही, कळलं नाही. आम्हाला बघून दोघांनी एकाच वेळी आपापलं दार मागे ओढलं.

मी साडेचौदा सांगितले. टायर, सस्पेन्शन, वायरी आणि आतलं चामडं, प्रत्येकाचे किती धरले ते समजावून दिलं. पुण्या-मुंबईत हिला जास्त मिळाले असते हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. पण तिकडे न्यायची तर आधी दुरुस्त करावी लागली असती, आणि आपल्या जिल्ह्यात अशा गाडीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. थोरल्यांनी एकदा धाकट्यांकडे नजर टाकली. धाकट्यांनी मान हलवली, हो म्हणून का नुसतीच, सांगता येत नाही. थोरले म्हणाले, "द्या मग."

भावाने आठवड्यानंतर गाडी नेली. मी गेले नव्हते. तो सांगत होता की त्या दिवशी फाटक सकाळपासूनच सताड उघडं होतं आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही. सुटा भाग यायला चार महिने लागले. चामडं त्याने बदललं नाही. तांड्यावर गाडी जात नाही, रस्ता तसा नाही, म्हणून हिंगोलीत भाड्याच्या गाळ्यात ठेवतो आणि रविवारी सकाळी वहिनीला घेऊन औंढ्याच्या रस्त्याने फिरवून आणतो. वहिनीला एवढ्या बुटक्या गाडीत बसताना त्रास होतो आणि उतरताना जास्त होतो, पण ती जाते.

मी दिलेली किंमत बराबर होती का, याचा मी नंतर विचार केला. लोखंडाची आणि रबराची होती. बाकी काही मी धरलं नव्हतं आणि मला धरता आलंही नसतं.

पावसाळ्याच्या तोंडावर धाकट्यांचा फोन आला. वाटणीत दोघांच्या नावावर राहिलेला एक जुना ट्रॅक्टर काढायचा होता. मी जाऊन बघितला. इंजिन दमलेलं होतं, मागचे टायर नवे होते. फार वेळ लागला नाही. आकडा सांगितला, त्यांना तो पटला. पलीकडच्या अंगणात थोरले खाटेवर बसून बियाण्याची पिशवी शिवत होते. मी अवजारं भरायला लागले आणि विचारलं, त्यांनाही भाव सांगून जाऊ का.

"न्हाई," धाकटे म्हणाले. "मीच सांगतो."