पडलेल्या मनोऱ्याची सावली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. गोंदियात माझा फोटो स्टुडिओ. निगेटिव्हची काच धुतल्यावर जे उमटतं तेच खरं मानणारा मी माणूस. पण ही हकिकत आज मीच लिहून ठेवतोय... भीतीनं नाही हो, आनंदानं!

लढाईचे दिवस होते. रेल्वे कॉलनीतल्या मार्थाबाई दुकानात आल्या. त्यांचा मुलगा जोसेफ फौजेत होता. सुटीवर आलेल्या त्याच्या सोबत्यानं सांगितलं होतं, तो इस्पितळात पडून आहे, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. एकच घोकतो — "कळस दिसला का उठवजो मले."

कळस म्हणजे आमच्या चर्चचा मनोरा. गाडी सालेकशाचं जंगल मागं टाकून आली की आधी तोच दिसायचा आणि अख्खा डबा सामान आवरायला लागायचा. पण जोसेफ फौजेत गेल्यावर तो मनोरा वादळात कोसळला होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

"गावाचा फोटो काढून दे भाऊ. कळस पायजे त्याच्यात," मार्थाबाई म्हणाल्या. मी म्हटलं, निगेटिव्हवर पेन्सिलीनं काढून देतो. आम्ही फोटोवाले टकलावर केस उगवतो, मनोरा काय चीज आहे!

दुपारी राइस मिलच्या छपरावर कॅमेरा चढवला. काळ्या कापडात डोकं घालून पाहिलं — काचेवर उलटं गाव आणि बोडकं चर्च. संध्याकाळी काचेची प्लेट धुतली, आणि... मनोरा! वर क्रूससुद्धा!

पेन्सिलीला मी हातही लावला नव्हता. चुकून वापरलेली प्लेट घेतली म्हणावं, तर प्लेटांचा डबा नवाकोरा. आणि कहर म्हणजे मनोऱ्याची सावली! तो पडल्यानंतर बांधलेल्या पत्र्याच्या शेडवर ती चक्क पसरलेली! मी डार्करूममध्ये अक्षरशः नाचलो.

फोटो रवाना झाला. पुढं काही महिन्यांनी जोसेफ गोंदिया स्टेशनवर उतरला — वाळलेला, पण स्वतःच्या पायांवर. मीही गेलो होतो. चर्चकडं बघून तो थबकला, खिशातून फोटो काढला.

"आई, याच्यात तं हाय."

मार्थाबाईंनी त्याची पेटी उचलली. "तुह्यासाठी होता," म्हणाल्या. "आता घरी चाल."

प्लेट अजून माझ्याकडं आहे. जाणकारांना दाखवतो, सावलीपाशी आले की सगळे भिंग मागतात. उलगडा मलाही झालेला नाही... आणि खरं सांगू, आईच्या मागं चालत निघालेला तो मुलगा पाहिल्यापासून मी कारण शोधतही नाही.