मार्चची गाभोळी

मी देश सोडला त्या दिवशी बाबा तळ्यावरून थेट बसस्टँडवर आले. धोतराचा काठ ओला होता. हाताला मासळीचा वास होता म्हणून त्यांनी माझ्या बॅगेला हात लावला नाही. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या तळ्याचा ठेका त्या वर्षी संपत होता आणि ठेकेदाराच्या माणसांनी सकाळीच शेवटचं जाळं ओढलं होतं. बस सुटायच्या आधी बाबा एवढंच बोलले, "अंड्याची मासळीबी सोडली नाई त्यानं. त्याचं काय, त्याले पुढच्या साली यायचं नाई."

मी तेव्हा नागपुरात एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. निरोपाचं वाक्य म्हणून मला ते चुकीच्या जागी पडल्यासारखं वाटलं.

नवऱ्याचा मिनेसोटातला प्रोजेक्ट दोन वर्षांचा होता. पुढे व्हिसा एक्स्टेंड होत गेला. सोफा घेतला नाही, भिंतीला खिळा ठोकला नाही. दर मार्चला आम्ही म्हणायचो, पुढच्या मार्चला आपण इथे नसू. असे बारा मार्च गेले.

घरामागे एक लहान तळं आहे. चाळीस मिनिटांत चालून फेरी पूर्ण होते. बर्फावरची मासेमारी मला तिथे डॉक्टरकाकांनी शिकवली. काका मूळचे अलिबागचे, तरुणपणीच इकडे आलेले, आता निवृत्त. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, उलट्या बादलीवर बसायचं, हातभर लांबीची काठी धरून वाट बघायची. बाबांच्या जाळ्यापुढे हे मला खेळणं वाटलं होतं. पण मासा लागल्यावर हाताला बसणारा झटका तोच होता.

पहिल्याच मार्चमध्ये वेन नावाचा शेजारी पर्च जातीचे मासे साफ करत होता. पोटातली अंडी तो बादलीत टाकत होता. काका उठून उभे राहिले. "अगं, गाभोळी फेकतोय हा!"

त्या दिवसापासून वेन भरल्या पोटाचे मासे आम्हाला हाक मारून देऊ लागला. आम्हीही तेच ठेवायचो आणि सडपातळ मासे परत सोडायचो. काकू हळद, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून गाभोळी तळायच्या. सगळं इथल्या सरकारी नियमात बसत होतं. बाबांचं वाक्य मला त्या ताटावर आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मी लिंबू पिळलं.

आता तळ्यात मासे कमी आहेत. बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो. काठाच्या नव्या घरांच्या लॉनवरचं खत पाण्यात उतरतं. तळं आमच्यामुळे रिकामं झालं असं लिहायला माझ्याकडे पुरावा नाही. आमच्यामुळे झालं नाही, असं लिहायलाही नाही.

गेल्या शनिवारी काकांना शेवटचं जायचं होतं. घर विकलं आहे. शुक्रवारी ते आणि काकू मुलीकडे कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला जाताहेत, कायमचे. काठाला पाणी सुटलं होतं, म्हणून फळी टाकून आम्ही बर्फावर चढलो. वेनने त्याची बर्फावर मांडलेली मासेमारीची झोपडी आधीच हलवली होती. "आता उरलंय काय इथे?" असं तो म्हणाला होता. आठ ते एक आम्ही चार भोकांवर बसलो. एकच मासा लागला, माझ्या काठीला. पर्च, मादी, पोट तट्ट फुगलेलं.

"घे पिशवीत," काका म्हणाले. "काकूने पीठ काढून ठेवलंय."

मी तिला भोकात सोडलं.

"हे काय केलंस?"

"अंडी होती, काका."

"म्हणून तर! बारा वर्षं काय मोडाचे मूग खात होतीस?" त्यांनी दोरा गुंडाळायला घेतला. बोटं थंडीने वळत नव्हती. "मी चाललो, तेव्हा तुला पुढच्या वर्षाचे मासे आठवले."

पुढच्या मार्चला इथे कोण असणार आणि कोण नसणार, हे त्या भोकाशी ठरून गेलं होतं आणि ते त्यांनाही कळलं होतं. फळीवरून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. गाडीत म्हणाले, "काकूला सांग, काही लागलं नाही."

मी तसं सांगितलं. काकूंनी पीठ पुन्हा डब्यात भरलं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. तिकडे रविवारची सकाळ होती. गावचं तळं आता गाळाने भरलं आहे आणि बाबा पाण्यात उतरत नाहीत, पण थंडीभर दर आठवड्याला त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो.

"किती?"

"एक. सोडून दिली. अंड्याची होती."

त्यांच्या बाजूने एक मोटरसायकल गेली.

"म्हंजे आता येत नाई तू."

तो प्रश्न नव्हता. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या वाक्यात बदलायला मला काही सापडलं नाही. गेली बारा वर्षं मी घर म्हणत होते ते तिकडच्या तळ्याला, आणि पुढच्या वर्षासाठी राखलेला एकुलता एक मासा मात्र इकडच्या तळ्यातला.

मग त्यांनी विचारलं, "बर्फ पक्का होता ना?"

"काठाला सुटलाय," मी म्हणाले. "मधे धरून आहे."