न दिसणारी झडप

कोणतीही वस्तू दिसली की काका आधी तिच्यावर बोटाचं पेर वाजवायचे आणि कान देऊन म्हणायचे, "उघडून बघू या." रेल्वेचे पूल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. लखनौत महानगर नावाच्या वस्तीत आम्ही शेजारी. मी एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करणारा, ते निवृत्त. आमच्या दारावरची घंटा त्यांनी उघडली, तेव्हापासून ती दाराला धक्का दिला तरच वाजायची. तुमच्याही शेजारी असं कुणी राहिलं असेल.

एका सकाळी जवळच्या कपूरथला चौकातल्या बाजारात सब्जी घेताना ते कोसळले. तपासण्या झाल्या. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप कडक होऊन जेमतेम उघडत होती. बदलायलाच हवी होती. रस्ते दोन: छाती उघडून, नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून. ही दुसरी पद्धत तेव्हा नवीच होती.

"मग उघडूनच करा," काका लगेच म्हणाले. "डोळ्यांना दिसतं ते काम पक्कं."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "अंकलजी, आपके फेफड़े बहुत कमज़ोर हैं. सीना खोला तो शायद साँस की मशीन से उतार न पाएँ."

परतताना रिक्षात काका रिपोर्ट उलटसुलट करून बघत होते.

मग ते रोज मला बोलवायचे. "जुनी झडप आत तशीच ठेवतात म्हणे. तिच्यातच नवी दाबून बसवतात. निसटली तर? तिथे हात कोण घालणार?" छाती उघडून बसवलेल्या झडपा वर्षानुवर्षं टिकतात, हे लोकांनी पाहिलं होतं. नळीतून बसवलेली किती टिकेल, हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

त्यांचं जेवण सुटलं. पलंगाच्या कडेला बसून स्वतःची नाडी धरून राहायचे. एकदा म्हणाले, "पुलाखाली दोराला लोंबकळलोय रे मी. तेव्हा नाही घाबरलो. खाली नदी तरी दिसायची."

काकूंना मात्र सांगायचे, "दात काढण्याइतकंच असतं गं ते."

काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "संमतीच्या कागदावर सही माझी आहे. सगळं वाचलंय मी. पण त्यांना हे सांगू नका. मला धीर देताना त्यांचा हात कापायचा थांबतो."

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना काकांनी माझं मनगट धरलं. "काही झालं तर हिला तू नको सांगूस. डॉक्टरांना सांगू दे." वॉर्डबॉयने बोटं सोडवली.

आम्ही बाकावर बसलो. काकूंनी पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं होतं की नखं पांढरी पडली होती. अखेर दार उघडलं. मास्क खाली करत डॉक्टर म्हणाले, "बैठ गया."

काकूंनी भिंत धरली. मलाही वाटलं, हृदयच बसलं.

"वाल्व, माताजी. वाल्व ठीक से बैठ गया."

त्यानंतर चार वर्षांनी काका न्यूमोनियाने गेले. झडप शेवटपर्यंत नीट चालली. काकू मुलीकडे पुण्याला गेल्या. त्यांच्या घरात आता दुसरी माणसं राहतात.

मला काका आठवतात ते दवाखान्यातून परतले त्या दुपारचे. एरवी तीनदा थांबत चढायचा तो जिना ते एका दमात चढले. वर पोचून छातीवर हात ठेवून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. मी धावलो.

"काय होतंय, काका?"

"काहीच होत नाहीये," ते कुजबुजले. आणि धाप लागायची वाट बघत तिथेच उभे राहिले.