दोन खांद्यांची दोन मापं

मी नांदेडला शाळेत मराठी शिकवते आणि दिवसातून पन्नासदा तरी म्हणते, "सरळ बस." घरी आल्यावर उरलेसुरले आठ-दहा लेकीच्या वाट्याला येतात. ती सातवीत गेल्यापासून जेवताना, अभ्यासाला, टीव्हीपुढे एका अंगावर कलून बसायची आणि ते माझ्या डोळ्यांत खुपायचं. "आळस भरलाय अंगात," असं म्हणून एकदा मी तिच्या पाठीत धपाटाही घातला होता.

लेकीचे कपडे आमचे टेलरचाचा शिवतात. यंदा ते त्यांच्या मुलीच्या लग्नात गुंतलेले, म्हणून गॅदरिंगसाठी तयार कुर्ता आणला. तो उजवीकडून वर चढला. बदलून आणला, तर दुसराही तसाच. तिसऱ्या खेपेला मी दुकानात जाऊन शिलाईची, कापडाची आणि गिऱ्हाइकाला मूर्ख समजणाऱ्या एकूण व्यापारी जमातीची यथेच्छ हजेरी घेतली. काउंटरवरच्या पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला आरशापुढे उभं केलं.

"म्याडम, ड्रेस सरळ हाय. पोरगीच वाकडी हाय."

एक्स-रेनं काउंटरवरच्या पोरीच्या बाजूनं निकाल दिला. मणक्यांची रांग मध्येच उजवीकडे झुकून परत जागेवर आली होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्कोलिओसिस, आणि घड्याळ बघत उपायही सांगितला: पाठ उघडून सळ्या आणि स्क्रू बसवायचे. "सुट्टीत उरकून टाका," म्हणाले. जसं काही जावळच काढायचं होतं.

घरी येताना लेकीनं एकच विचारलं, "आई, मग मला खाली वाकता येईल का गं?"

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ, असं मी म्हटलं मात्र, घरोघरी मतदान सुरू झालं. भोकरच्या नणंदबाईंचं मत एरंडेल तेलाला. जळकोटच्या भावजींचं मत त्यांच्या ओळखीच्या हाडवैद्याला, तो म्हशीचाही पाय बसवतो म्हणे. शेजारणीचं मत असं, की लग्न जमेपर्यंत बोभाटा नको. लेक तेरा वर्षांची! नवरा जिल्हा परिषदेत असल्यामुळे त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेऊन विषय विचाराधीन ठेवला. लेकीला कुणी विचारलंच नाही. मतदार यादीत तिचं वय बसत नव्हतं.

शेवटी मीच रजा टाकली आणि तिला घेऊन लातूर गाठलं. तिथं पाठीच्या कण्याचे एक डॉक्टर बसतात असं कळलं होतं. बसस्टँडवर रिक्षावाल्याला मी "डॉक्टरसाठी आलोय" म्हणाले आणि चौकाचं नाव सांगितलं. माझ्या हातात फाइल, शेजारी उतरल्या तोंडाची मुलगी. त्यानं आम्हाला थेट मेडिकल प्रवेशाच्या एका क्लासच्या दारात नेऊन सोडलं.

"अहो, दवाखान्यात जायचंय!"

"आसं होय? मग सांगावं की, ताई. लातुरात डॉक्टरसाठी आलो म्हनलं की समदे हितंच उतरतेत."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लेकीला पुढे वाकायला लावून पाठीवरून हात फिरवला, एक्स-रेवर पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि मला विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"महिन्याभरातच झालं असेल," मी ठासून सांगितलं. "त्याआधी कपडे अगदी सरळ बसायचे हो."

"शिवलेले का?"

मी हो म्हणाले. ते हसले. "मग टेलरला फोन लावा."

मी लावला आणि स्पीकर सुरू केला.

"हाव, म्याडम, मालूम हाय न मला," चाचा म्हणाले. "दोन साल झाले. पयले उजवा खांदा पाव इंच वर होता, आता अर्धा हाय. मी उजवीकून कापड तेवढं लांब सोडून राहिलो."

"अहो चाचा, मग सांगितलं का नाही?"

चाचांनी शिलाई मशीन थांबवलं. "जवान होनारी लेक हाय. तिच्या अंगाबद्दल मी मर्द मानूस काय बोलू? म्हनलं, कपडा सरळ दिसला पायजे, बस."

दोन वर्षं माझी मुलगी त्यांनी इतकी सफाईदार शिवून दिली, की मला ती दिसलीच नाही. चाचांवर रागावायला मला तोंड कुठं होतं? त्यांनी निदान माप तरी घेतलं होतं. मी नुसती ओरडत होते.

"टेलरच्या टेपवर मी उपचार ठरवत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण चाचांचं माप आणि हा एक्स-रे, दोन्ही सांगतायत की घाई नाही. बाक ऑपरेशनएवढा नाही. वाढीचं वय आहे, म्हणून ब्रेस, म्हणजे पाठीला कडक पट्टा, घालायचा, दिवसातला बराचसा वेळ. दर काही महिन्यांनी एक्स-रे. तरीही वाढला, तर तेव्हा बोलू." मग ते लेकीकडे वळले. "तुला काही विचारायचंय?"

तिनं विचारलं, "मी वाकडी बसते म्हणून झालं का हे?"

"नाही. बसण्यामुळं होत नाही, दप्तरामुळंही नाही. कशामुळं होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही. तुझा यात काहीच दोष नाही."

लेकीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मग ते लिहून द्या," म्हणाली. "आईसाठी."

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर 'ब्रेस' या शब्दाखाली मराठीत तेवढी एक ओळ लिहिली आणि ती माझ्या हातात दिली. अक्षर वाकडंतिकडं होतं, वेलांटीही चुकली होती. ती न सुधारता मी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली.